बालपण नाही, माणूस गेला!

ऑगस्ट २०१४ मध्ये व्यंगचित्रकार प्राण गेले, तेव्हा जो तो म्हणाला, ‘आमचं बालपण गेलं!’ मला हे पटत नाही. चाचा चौधरी, साबू, बिल्लू, पिंकी पुस्तकांत आहेतच की! गेला तो माणूस, ज्याने १९६० मध्ये, पेपरांत परदेशी चित्रपट्ट्यांचा सुळसुळाट असताना, दिल्लीच्या ‘मिलाप’मध्ये स्वतःचा ‘डब्बू’ काढायला घेतला. पगडीवाल्या म्हाताऱ्याचं डोकं कॉम्प्युटरपेक्षा फास्ट चालवलं तेही त्यानेच. मग नुसतं हळहळून काय होणार? लेक्चरला वहीच्या मागच्या पानावर सरांची चित्रं काढणारे आपल्या हॉस्टेलवर काय कमी आहेत? त्यांनी आपलं एखादं पात्र घडवावं, भित्तिपत्रकावर लावावं. प्राणसाहेबांना श्रद्धांजली वाहायची, तर अशी वाहू या!