पाहणे आणि जपणे



अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बिग बेअर नावाचे सरोवर आहे. त्याच्या परिसरातील डोंगरात एका उंच पाइन वृक्षावर, जमिनीपासून सुमारे 145 फुटांवर, गरुडाच्या एका जोडीचे घरटे आहे. पांढऱ्या डोक्याच्या या गरुडाला तिकडे बाल्ड ईगल म्हणतात. मादीचे नाव जॅकी, नराचे शॅडो. ‘फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली’ या संस्थेने घरट्यापाशी कॅमेरे बसविले असून त्यांतील दृश्य रात्रंदिवस जगभर थेट पाहता येते. आपण रात्री दुकान वाढवून घरी यावे, तेव्हा तिकडे सकाळ झालेली असते आणि आपल्या हातातील मोबाइलवर ते घरटे उन्हात उजळलेले दिसते.

2024 मध्ये जॅकीने तीन अंडी घातली. ती उबण्यास साधारण पाच आठवडे लागतात. ते दिवस उलटले, तरी दोघे पक्षी हिमवर्षावात आळीपाळीने बसूनच राहिले. एकही अंडे उबले नाही. पुढच्या वर्षी, मार्च 2025 च्या आरंभी, तीन पिले जन्मली. पाहणाऱ्यांचा आनंद दहाच दिवस टिकला. 13 मार्चच्या रात्री मोठे हिमवादळ आले आणि त्यात एक पिलू दगावले. उरलेली दोन वाढली व जूनमध्ये आकाशात झेपावली.

अशा वेळी पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो हाच : कोणी वर जाऊन त्या पिलाला ऊब का दिली नाही? जीवदयेचे संस्कार लाभलेल्या घरात तर हा प्रश्न अधिक तीव्रतेने उठतो. डोळ्यांदेखत जीव जात असता नुसते पाहत राहणे ही दया कशी?

त्याचे एक उत्तर व्यवहाराचे आहे. भर वादळात त्या उंचीवर माणूस चढला, तर त्याचा स्वतःचा जीव धोक्यात येतो. आईबाप पक्षी बिथरून उडाले, तर पिलांवरचे पांघरूणच जाते; म्हणजे एकाला वाचविण्याच्या धडपडीत तिन्ही गमावण्याची भीती. म्हणून संस्था घरट्यात हात घालत नाही. विणीच्या काळात त्या झाडाभोवतीचा वनभागही लोकांसाठी बंद ठेवला जातो. येथे दूर राहणे हीच जयणा आहे.

दुसरी अडचण आपल्या घरांपुरती आहे. गरुड घरट्यात मासा आणतो, तो फाडून पिलांना भरवितो. लहान मुलांनी हे पाहावे काय? प्रत्येक कुटुंबाने आपापला निर्णय घ्यावा. परंतु मुलाने विचारलेच, तर त्याला सांगता येईल की त्या पक्ष्याला निवड नाही, आपल्याला आहे. विवेक लाभलेल्या जीवावरच संयमाची जबाबदारी येते. मुलाच्या मनात गरुडाविषयी तिरस्कार उत्पन्न न होता एवढे उमगले, तर तेही मोठे शिक्षण होय.

तथापि नुसत्या साक्षीभावाने सर्व काही साधत नाही, हेही या पक्ष्याचाच इतिहास सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत डीडीटी हे कीटकनाशक अमाप फवारले गेले. ते पाण्यात उतरले, पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडांत गेले. त्यामुळे अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की उबविण्यास बसलेल्या आईच्याच भाराने ती फुटू लागली. 1963 पर्यंत अलास्का व हवाई वगळता त्या देशात या गरुडाच्या विणणाऱ्या जोड्या पाचशेहूनही कमी उरल्या होत्या. 1972 मध्ये तेथे डीडीटीवर बंदी आली. कायद्याचे संरक्षणही होते. 2007 मध्ये हा पक्षी संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला आणि 2021 च्या सरकारी अहवालात त्याच भूभागातील जोड्यांची संख्या सुमारे 71,400 नोंदली गेली.

हिमवादळ माणसाने आणले नव्हते. तेथे हात आवरणे योग्य ठरले. विष मात्र माणसाने पसरविले होते आणि ते माणसानेच थांबवावे लागले. कोणते दुःख निसर्गाच्या क्रमाचे आणि कोणते आपल्या हातचे, हा भेद ओळखल्यावाचून दया डोळस होत नाही.

हा भेद आपणा व्यापाऱ्यांच्या गादीपर्यंत येऊन पोहोचतो. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे आपल्या देशातील गिधाडे मोठ्या संख्येने मेली. 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरीही संक्रांतीच्या सुमारास तो चोरून विकला जातो आणि घारी, बगळे, कबुतरे पंख कापून खाली पडतात. त्या दिवसांत आपल्यातील अनेक तरुण जखमी पक्ष्यांसाठी धावपळ करतात, ते स्तुत्यच आहे. परंतु जखम बांधणाऱ्या हातापेक्षा, नफा दिसत असूनही ते रीळ दुकानात न ठेवणारा हात अधिक जीव वाचवितो.

तेव्हा ज्यांना रुची आहे, त्यांनी मुलांसह ते घरटे अवश्य पाहावे. सवड असेल तर घरातील हिशेबाची वही घेऊन एकदा हेही पाहावे की आपण विकतो आणि विकत घेतो त्यातील कोणती वस्तू कोणाच्या घरट्यापर्यंत जाऊन पोहोचते.