'भात बंद करा' म्हणून भागत नाही

मधुमेहाच्या रुग्णाला 'भात बंद करा' असे पुण्या-मुंबईत सांगणे सोपे असेल. धानाच्या भंडारा जिल्ह्यात मात्र त्याचा अर्थ जवळपास 'जेवण बंद करा' असा होतो. लाखांदूर वा पवनीच्या शेतकऱ्याच्या बांधीत धान, रेशन दुकानात तांदूळ आणि रोवणीला जाणाऱ्या बाईच्या शिदोरीतही भातच. असा रुग्ण डॉक्टरांपुढे मान डोलावतो आणि घरी पूर्ववत जेवतो. येथे दोष सल्ल्याचा मानावा लागेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्याच पाहणीच्या 2025 मधील निष्कर्षांनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. तेव्हा कमी केलेल्या भाताची जागा काय घेणार, हेही सांगणे अगत्याचे ठरते. धुऱ्यावरची तूर, माजी मालगुजारी तलावांतील मासळी आणि लाखोळी, हे सारे जिल्ह्यातच आहे.

लाखोळीचे प्रकरण विशेष बोलके. धानानंतरच्या ओलीवर येणाऱ्या या कडधान्याच्या विक्रीवर 1961 मध्ये बंदी आली. पीक थांबले नाही, स्वयंपाकातूनही ते गेले नाही. पण बंदी आलेली डाळ खातो, असे दवाखान्यात कोण सांगणार? वस्तुत: महिनोन्‌महिने मुख्यत्वे लाखोळीच खाल्ल्याने पाय कायमचे अधू होतात, हे खरे. मिश्र आहारात, गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिल्यास धोका बराच घटतो, हेही तितकेच खरे. 2016 मध्ये संशोधन परिषदेच्या समितीने कमी विषांशाच्या वाणांना अनुकूल कौल दिला. या दोन्ही बाजू रुग्णाला डॉक्टरांनी नाही सांगायच्या, तर कोणी?

बाह्यरुग्ण विभागातील गर्दी पाहता डॉक्टरांना वेळ नसतो, ही तक्रार रास्तच आहे. तथापि 'कालपासून काय काय खाल्ले?' या प्रश्नाला दोन मिनिटे पुरतात. त्यातून एकच बदल ठरवावा, तो शक्यतो घरात रांधणाऱ्या व्यक्तीसमक्ष सांगावा आणि पुढील भेटीत औषधाआधी त्याचीच विचारपूस व्हावी. दहा पथ्यांची छापील चिठ्ठी बहुधा खिशातच विरते.

भंडाऱ्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कुटुंब दत्तक उपक्रमामुळे वैद्यकीय विद्यार्थ्यांना आता गावातील घरांत जावे लागते. त्यांच्या नोंदवहीत रक्तदाबाशेजारी, चुलीवर काय शिजले याचाही एक रकाना असावयास हरकत नाही.