‘टेस्ट झालीय’ म्हणजे नक्की कशाची?

भावांनो, आखातातल्या गोदामात केमिकल पावडरीच्या गोणी रचताना फोरमनचं हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल: “टेस्ट झालीय, पेटत नाही. चला, कामाला लागा.” मान डोलावण्याआधी ती टेस्ट काय असते ते समजून घ्या.

संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतली चाचणी अशी: तारेच्या जाळीचा चौकोनी डबा, प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर. त्यात पावडर भरून १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत २४ तास ठेवतात. पावडर स्वतःहून पेटली, किंवा भट्टीपेक्षा ६० अंशांनी जास्त तापली, तर ती धोक्याची. चाचणी खोटी नाही. पण डबा एक लिटरचा, आणि तुमच्यासमोर असते टनावारी थप्पी.

गावाकडे ओलसर कडब्याची गंजी आतून तापते हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मूठभर कडबा तापत नाही, गंजी तापते, कारण आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. पावडरीचंही तेच. हवेतल्या ऑक्सिजनने ती हळूहळू तापते. ढीग जितका मोठा, तितक्या कमी तापमानाला पेटते.

१४० अंशांची रेघ आली कुठून? लाकडी कोळशावरून. त्याचा तीन मीटर लांब, रुंद, उंच ढीग ५० अंशांनाच आपोआप पेटू शकतो, म्हणून लहान डब्यासाठी १४० ठरवले. आता आपल्याकडचं ऊन बघा. कुवेतमधल्या मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ला ५३.९ अंश नोंदले गेले, तेही सावलीत. उन्हात उभा बंद पत्र्याचा कंटेनर आत किती तापतो हे तो रिकामा करणाऱ्याला विचारा. दुपारची कामबंदी माणसाला आहे, पावडरीला नाही.

आणि आग लागली की पहिला प्रश्न काय? “विडी कोणी ओढली?” असल्या आगीला ना काडी लागते, ना ठिणगी. ढीग किती उंच रचायचा हे ठरवतो मॅनेजर, आणि चौकशी होते हमालाची. हे चालू द्यायचं नाही.

म्हणून मागा. त्या मालाचं सेफ्टी डेटा शीट, आपल्याला कळेल त्या भाषेत. त्यात ‘वर्ग ४.२’ किंवा ‘एच २५१’, ‘एच २५२’ आहे का पाहा. एच २५२चा अर्थच असा: मोठ्या प्रमाणात असेल तर आपोआप तापते, पेटू शकते. विचारा: थप्पीची उंची कोणी ठरवली? आतलं तापमान कोण मोजतं? ड्रायरमधून निघालेला माल गरम असतानाच गोणीत भरतात का?

गोण गरम लागली, जळका वास आला, तर ती फोडू नका, उपसू नका. हवा मिळाली की भडका उडतो. बाजूला व्हा, सगळ्यांना हटवा, कळवा.

ही माहिती मागणं आणि जीव धोक्यात दिसला तर बाजूला होणं हा कामगाराचा हक्क आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९०च्या १७० क्रमांकाच्या करारात तो लिहिलाय. एकट्याने विचारलं तर तिकीट हातात ठेवतील ही भीती खरी आहे. म्हणून चार-पाच जणांनी मिळून विचारा, आणि विचारल्याची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी ठेवा.