तीस दिवस, दहा तास आणि नवखा चालक

आखाजीचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त साधून फैजपूर, सावदा, रावेर, यावल या केळीच्या पट्ट्यात नवी चारचाकी दारात येणे आता नवलाचे राहिलेले नाही. गाडीला हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, गल्लीत पेढे वाटले जातात. घरातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचा शिकाऊ परवाना तोवर घरबसल्या परीक्षा देऊन निघालेलाही असतो. राहतो एकच प्रश्न : त्याला गाडी शिकवणार कोण आणि किती दिवस? बहुतेक घरांत या प्रश्नाला फारसा वेळ दिला जात नाही. गावातल्या मोटार ट्रेनिंग स्कूलचे काही दिवस, नाहीतर चुलतभावासोबत मोकळ्या रस्त्यावर चार संध्याकाळी. महिनाभराने परीक्षा, पक्का परवाना आणि मग थेट बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता.

हा प्रश्न परिवहन खात्याचा वाटतो. पण त्याचे उत्तर चुकले की ते रुग्णालयाच्या अपघात विभागात येऊन पडते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दररोज ४६० हून अधिक. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश १८ ते ४५ या वयातले होते. महाराष्ट्रातल्या मृतांचा आकडा त्या वर्षी १५ हजारांच्या वर होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ वर्षे वयोगटात रस्ते अपघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. एखाद्या तापाने एवढी तरुण माणसे नेली असती तर गावोगाव लसीकरणाच्या रांगा लागल्या असत्या. अपघाताला मात्र आपण नशिबाच्या खात्यावर टाकतो.

कायद्यात काय आहे?

सक्तीचे प्रशिक्षण हवे की नको, हा वाद करण्याआधी आज कायदा काय सांगतो ते पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार शिकाऊ परवानाधारकाने एकट्याने चारचाकी चालवायची नाही. वैध परवाना असलेला शिकवणारा शेजारी हवा आणि वेळ पडल्यास गाडी थांबवता किंवा ताब्यात घेता येईल अशा जागी तो बसलेला हवा. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर हवे. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही.

व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते. खासगी मोटारीसाठी मात्र शाळेत जाणे बंधनकारक नाही. गेलेच, तर त्या शाळेने किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान १० तास असावेत, असे नियम सांगतो. शाळेच्या मोटारीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असावा लागतो, म्हणजे दुहेरी नियंत्रण. घरच्या गाडीत ही सोय नसते. शेजारी बसलेल्या काकांच्या हाती फार तर हँडब्रेक असतो.

जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना लागू झाली. अशा केंद्रातला हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत २९ तासांचा आहे. त्यांत ८ तास वर्ग आणि २१ तास प्रत्यक्ष चालवणे. इथे उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. २०२४ च्या मे महिन्यात ‘१ जूनपासून कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलमधून परवाना’ अशा बातम्या फिरल्या, तेव्हा नियमांत नवा बदल झालेला नाही, असा खुलासा मंत्रालयाला करावा लागला. चाचणीतून सूट आहे ती फक्त मान्यताप्राप्त केंद्राच्या प्रमाणपत्राला. गल्लीतल्या साध्या शाळेच्या कागदाला ती नाही.

थोडक्यात, शिकवणारा शेजारी असावा ही सक्ती आजही आहे. पण त्याने किती तास शेजारी बसावे, रात्री बसावे की फक्त उजेडात, महामार्गावर न्यावे की नाही, याबद्दल खासगी चालकाला कोणीच काही विचारत नाही.

हात लवकर शिकतात, डोळे उशिरा

क्लच, गिअर, स्टिअरिंग यांचा मेळ तरुण माणसाला आठ-पंधरा दिवसांत जमतो. तो जमला की ‘गाडी आली’ असे घरात जाहीर होते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र इथे शिक्षणाचा सोपा भाग संपलेला असतो. नवख्या चालकाची नजर बोनेटच्या पुढच्या थोड्या पट्ट्यात अडकलेली असते, हे डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या प्रयोगांतून १९७० च्या दशकापासून दिसत आले आहे. मुरलेला चालक लांब पाहतो, आरसे चाळतो, कडेच्या हालचाली टिपतो. उभ्या एसटीच्या आडून माणूस येईल, गुरांच्या मागे गुराखी असेल, केळीच्या बागेतून ट्रॅक्टर मान काढेल, हे त्याच्या मनात आधीच उमटते. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. तशी वेळ पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आल्यावरच तो मेंदूत मुरतो.

त्यात वयाची भर. धोका तोलणारा, उतावीळपणाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. त्यामुळे अठराव्या वर्षी प्रतिक्षिप्त क्रिया तल्लख असल्या तरी निर्णय कच्चा असू शकतो. शेजारी वडीलधारे असले की हा कच्चेपणा झाकला जातो. मित्र असले की तो वाढतो. किशोरवयीन चालकाच्या गाडीत समवयस्क जितके जास्त, तितका जीवघेण्या अपघाताचा धोका जास्त, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसले आहे.

रात्रीचे गणित तर साधे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तिथेच संपले. ब्रेक लागल्यावरही कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. खालच्या झोताचा दिवा साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत नीट दाखवतो. म्हणजे मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असेल, तर ६० चा वेगसुद्धा काठावरचा ठरतो. समोरून प्रखर दिव्याची गाडी येऊन गेली, की डोळे पुन्हा अंधाराला सरावेपर्यंतचे क्षण आंधळेच असतात. मुरलेला चालक अशा वेळी नकळत वेग उतरवतो. नवख्याला तसे करायचे असते हेच ठाऊक नसते, कारण तो शिकला सकाळी सात वाजता.

आणि हा रस्ता नवख्यांवर दया करणारा नाही. केळी भरलेले ट्रक, हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर, शेतमजुरांनी भरलेल्या गाड्या, शाळा-महाविद्यालयांच्या दुचाकी हे सगळे इथे एकाच अरुंद पट्ट्यावर चालते. फेब्रुवारी २०२१ मध्ये याच यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून किमान १५ मजुरांचा जीव गेला. त्या अपघाताचा शिकाऊ चालकांशी संबंध नाही. पण पक्का परवाना हातात पडल्यावर नवखा चालक पहिल्यांदा एकटा उतरतो तो याच रस्त्यावर. अपघात झालाच, तर डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला तापी ओलांडून भुसावळ-जळगाव गाठेपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो. उपचार इतके लांब असताना अपघात टाळणे हाच खरा इलाज.

जगाचा अनुभव

सक्तीचे धडे दिले की अपघात कमी होतात, असे मानायला सोपे आहे. पुरावा तितका सरळ नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डीकॅल्ब परगण्यात सुमारे १६ हजार शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून काहींना सखोल चालक-प्रशिक्षण दिले गेले. टिकाऊ फायदा फारसा दिसला नाही. पुढे अशा शालेय प्रशिक्षणाच्या एकत्रित आढाव्यातून एक गोची समोर आली : प्रशिक्षणामुळे मुले लवकर परवाना घेतात आणि लवकर रस्त्यावर येतात, त्यामुळे अपघात कमी होण्याची खात्री देता येत नाही.

देखरेखीखालच्या सरावाचा अनुभव वेगळा आहे. स्वीडनने १९९३ मध्ये सरावाचे किमान वय १६ केले. परवान्याचे वय १८ च ठेवले. ज्यांनी या जास्तीच्या दोन वर्षांचा उपयोग केला, त्यांचा सराव सरासरी १२० तासांच्या आसपास गेला आणि परवान्यानंतरचे त्यांचे अपघात लक्षणीयरीत्या कमी राहिले. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २१ वर्षांखालच्या शिकाऊंना १२० तासांच्या सरावाची वही भरावी लागते. त्यांत रात्रीचे २० तास धरलेले असतात. जर्मनीत शाळा सक्तीची आहे आणि परीक्षेआधी महामार्ग, गावाबाहेरचा रस्ता व अंधार यांवरचे बारा विशेष धडे पूर्ण करावेच लागतात. आयर्लंडनेही २०११ पासून बारा धडे सक्तीचे केले. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याचा परवाना आणला : आधी देखरेख, मग एकट्याने पण रात्री आणि सोबत्यांवर बंधने, शेवटी पूर्ण मोकळीक.

या सगळ्याचा अर्थ असा की धडे पाया घालतात; जीव वाचवतो तो पुष्कळ, विविध आणि सोबतीचा सराव. त्याच्या शेजारी आपले आकडे ठेवले की अंतर कळते. तिकडे १२० तास, आपल्या मान्यताप्राप्त केंद्रात २१, साध्या शाळेत १० आणि घरी शिकणाऱ्याला शून्यही चालतात.

सक्तीची दुसरी बाजू

उद्या सरसकट शाळेची सक्ती केली तर? मान्यताप्राप्त केंद्राला हलक्या वाहनांसाठीही एक एकर जागा लागते आणि अशी केंद्रे तालुक्याच्या गावांपासून लांब आहेत. फैजपूरच्या मुलीने रोज दूर जाऊन चार आठवडे शिकायचे म्हटले, तर पहिला नकार घरातूनच येईल. शिकण्याचा खर्च वाढला की गरजू तरुण मधले मार्ग शोधतात. आणि ज्या सक्तीची तपासणी होत नाही, ती कागदाची बाजारपेठ उभी करते.

हा धोका वैद्यकीय बाजूलाही लागू आहे. अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत फेफरे किंवा अचानक शुद्ध हरपते का, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न असतात. अनेक जण ते न वाचताच खूण करतात. चाळिशीनंतर डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. तेही अर्जदाराला समोर न बसवता, तक्त्यासमोर उभे न करता सही होऊन जात असेल, तर डॉक्टरांना ड्रायव्हिंग स्कूलकडे बोट दाखवण्याचा अधिकार उरत नाही.

म्हणून पहिली पावले साधी हवीत. सरावाची नोंदवही सर्वांना बंधनकारक करावी : तारीख, रस्ता, दिवस की रात्र, शेजारी कोण, आणि त्याची सही. तीस दिवसांची अट वाढवून शिकाऊ परवान्याची सहा महिन्यांची मुदत खऱ्या सरावासाठी वापरली जावी. साध्या शाळांच्या दहा तासांत रात्रीचा आणि महामार्गाचा वाटा ठरवावा. चाचणी मैदानापुरती न राहता वाहत्या रस्त्यावर व्हावी. नोंदवहीत खोट्या सह्या होतील, हे खरे. पण ज्या बापाने स्वतःच्या मुलासाठी सही करायची आहे, तो ती करताना एकदा तरी थांबेल.

आखाजी ते दसरा

सरकारी निर्णय होईल तेव्हा होईल. घरातला निर्णय आजच होऊ शकतो. आठवड्याला चार तास धरले तरी सहा महिन्यांत शंभर तास भरतात. त्यासाठी वेगळे पेट्रोल जाळायची गरज नाही. भुसावळला पाहुण्यांना आणायला, यावलला कामाला, सावद्याच्या लग्नाला गाडी जातेच; ती शिकाऊ परवानाधारकाने चालवावी आणि शेजारी जाणते माणूस बसावे. सुरुवात शाळेच्या दुहेरी ब्रेकच्या गाडीत व्हावी. मग गावातली गर्दी, मग बाजाराचा दिवस, मग महामार्ग, पाऊस आणि शेवटी रात्र, असा क्रम ठेवावा. शेजारच्याने ओरडू नये आणि मोबाइलही पाहू नये. पक्का परवाना आल्यावरही पहिले काही महिने रात्री एकट्याने गाडी नाही आणि मित्रांनी भरलेली गाडी नाही, हा घरचा नियम असावा.

अठरा पूर्ण नसतील तर विषयच संपतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही.

आखाजीला आलेल्या गाडीचा चालक दसऱ्यापर्यंत तयार होतो. मधले सहा महिने शेजारच्या आसनावर कोण बसले, यावर तो दसरा कसा जाईल हे बरेचसे ठरते.