शाळांतील कविता आणि मंडईतील दंडार

दिवाळी सरली आणि धानाची कापणी हातावेगळी होऊ लागली म्हणजे भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या भेटी, रात्री दंडार अथवा खडी गंमत. शाहीर उभा राहून गातो आणि समोर जमिनीवर बसलेला समुदाय तासन् तास जागचा हलत नाही. त्या समुदायात शाळेची पायरी न चढलेली माणसेही असतात. तथापि पदातील खोच कोठे आहे, सवालाचा जबाब कोठे लंगडा पडला, हे त्यांस कोणी समजावून द्यावे लागत नाही. हसण्याच्या जागी ते हसतात, गहिवरण्याच्या जागी गहिवरतात.

सुटी संपून शाळा उघडते आणि कवितेचा तास येतो. गुरुजी एक ओळ वाचतात, फळ्यावर शब्दार्थ लिहितात, मुले ते उतरून घेतात, पुढची ओळ येते. तास संपतो, वही भरते, पण कविता कोणाच्या मुखी बसत नाही. ज्या मुलाने बापाजवळ बसून रात्रभर पदे ऐकिली व समजून घेतली, तोच मुलगा आठ ओळींच्या कवितेपुढे मुका होतो. हा दोष मुलाच्या बुद्धीचा नव्हे. तो आमच्या शिकविण्याच्या रीतीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कविता हा मुळात कानाचा विषय आहे. कागदावर ती पुढे आली. आठव्या शतकातील महाकवी भवभूती आपले पूर्वज विदर्भातील पद्मपूरचे असे सांगतो. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. ते गाव पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते गोंदिया जिल्ह्यात मोडते. या कवीची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या लोकांपुढे व्हावयाची होती, असे त्या नाटकांच्या प्रस्तावनाच सांगतात. ज्याच्या ग्रंथांवर पंडितांनी टीका लिहिल्या, त्याने ते ग्रंथ रचिले यात्रेतील श्रोत्यांसाठी! आमच्या मराठीचीही कथा निराळी नाही. ओवी जात्याच्या फेऱ्यावर घडली, अभंग टाळाच्या ठेक्यावर पसरला, मोरोपंतांची आर्या कीर्तनकारांनी घरोघर पोचविली. बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. काम करता करता त्या गात, ते घरच्यांनी टिपून ठेविले, म्हणूनच त्यांच्या पश्चात इ. स. १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने निघू शकली. त्यांच्या ओळी आज मुले मुकाट्याने वाचतात आणि खाली दिलेले शब्दार्थ पाठ करितात, यापरता उलटा न्याय कोणता?

मोठ्याने म्हटल्याने अर्थ कसा कळतो, अशी शंका कोणी घेईल. साधा दाखला घ्या. ‘तू आलास’ हे दोन शब्द परगावाहून परतलेल्या मुलास आई म्हणते तेव्हा त्यांत एक अर्थ असतो. थकलेल्या हप्त्यासाठी वाट पाहणारा सावकार म्हणतो तेव्हा दुसराच. शब्दकोश या दोहोंतील भेद दाखवू शकत नाही, तो आवाजच दाखवितो. कवितेत तर पदोपदी असे प्रसंग येतात. ओळ कोठे तोडावी, कोणत्या शब्दावर भार द्यावा, हा प्रश्न आहे की उपहास, हे ठरविल्यावाचून ती नीट म्हणताच येत नाही. आणि जो हे ठरवितो त्याने अर्थाचा निम्मा रस्ता काटलेला असतो. वृत्ताचेही तसेच. समर्थांच्या मनाच्या श्लोकांचे वृत्त भुजंगप्रयात. एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा. ही व्याख्या पाठ करावयास मुलास आठवडा लागेल आणि परीक्षा होताच तो ती विसरेल. पाच श्लोक मोठ्याने म्हणू द्या, ते वृत्त जन्मभर त्याच्या जिभेवर राहील.

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. आमच्या व्यापारी वाचकांस हे निराळे सांगावयास नको की शहाणे गिऱ्हाईक भांडे केवळ डोळ्यांनी पाहून घेत नाही, बोटाने वाजवून घेते. कोठे चीर असेल तर ती नादात उमटते. कविताही अशीच वाजवून घेण्याची वस्तू आहे.

याउलट घेतले जाणारे आक्षेप आम्ही जाणून आहो. पहिला असा की, ही पुन्हा जुनी घोकंपट्टी होय. आमचे म्हणणे तसे नाही. चाळीस मुलांनी एका सुरात ओरडणे म्हणजे काव्यपठन नव्हे. त्यात विचार करावयास जागाच नसते. एकाच कडव्याचे दोन मुलांनी दोन प्रकारे म्हणून दाखवावे आणि कोणते अधिक पटते यावर वर्गाने वाद करावा, हे आम्हांस अभिप्रेत आहे. दुसरा आक्षेप, शिक्षकास गाता येत नाही. त्यास गाण्याची गरजच नाही. इ. स. १९२३ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायन लोकप्रिय केले हे खरे. परंतु चालीच्या मोहात शब्द बुडण्याचे भय त्यात असतेच. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगांवकर यांनी गावोगाव कविता वाचून दाखविल्या, तेव्हा श्रोते केवळ गोड गळ्यासाठी जमत नव्हते. स्पष्ट उच्चार आणि समजून म्हटलेली ओळ एवढे भांडवल पुरेसे आहे, व ते प्रत्येक शिक्षकापाशी असू शकते.

तिसरा आक्षेप परीक्षेचा, आणि तो सर्वांत खरा आहे. दहावीच्या भाषा विषयांतील तोंडी परीक्षेचे २० गुण खैरातीसारखे वाटले जातात अशी ओरड होती. इ. स. २०१९ च्या परीक्षेत त्या गुणांस फाटा मिळाला, राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांपर्यंत घसरला, आणि पुढील वर्षापासून ते गुण परत आले. या सर्व गदारोळात निकालाची चिंता पुष्कळांनी केली. मुलाने तोंड उघडले की नाही, ही चिंता फार थोड्यांनी केली. न ऐकता दिलेला गुण ही विद्यार्थ्याची फसवणूक आहे. तोंडी परीक्षा असावी, पण ती खरोखर घ्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण ती आमच्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याची आहे. झाडीबोली बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी ‘पाणी’चे ‘पानी’ होते. पहिल्याच वाचनात त्यास वर्ग हसला की ते पोर पुन्हा हात वर करीत नाही. प्रमाण उच्चार शिकवू नये असे आम्ही म्हणत नाही. पण तो शिकविण्याची वाट मुलाच्या लाजेतून जाऊ नये. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे वैभव ग्रंथरूपाने मांडल्यावर तरी शाळेने तिला दाराबाहेर उभे करू नये. बहिणाबाईंनी आपल्या खानदेशी बोलीत गाइले आणि महाराष्ट्राने ते मस्तकी धारण केले. मग आमच्या रोवण्याच्या गाण्यांनीच काय अपराध केला आहे?

यासाठी सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. नवी कविता आरंभिताना पहिल्या तासास पुस्तके मिटलेली असावी व गुरुजींनी ती दोनदा म्हणून दाखवावी. शब्दार्थ मागाहून यावेत. प्रत्येक मुलाने वर्षातून निदान एक कविता एकट्याने उभे राहून म्हणावी, आपल्या बोलीतले एखादे गाणे म्हटले तरी चालेल. मंडईच्या दिवसांत गावच्या शाहिरास सन्मानाने शाळेत बोलवावे व त्यास योग्य बिदागी द्यावी. येथे आमच्या भंडारा, तुमसर, पवनी व साकोलीच्या व्यापारीवर्गास विनंती आहे. मंडईच्या खर्चास आपण वर्गणी देताच. तीतील थोडा भाग शाळांतील काव्यपठनाच्या बक्षिसांकडे वळवावा. पुस्तकांचे बक्षीस फार महाग पडत नाही.

शेवटी हा प्रश्न केवळ कवितेचा नाही. जे मूल चारचौघांत उभे राहून दुसऱ्याचे शब्द समजून, न भिता म्हणू शकते, तेच पुढे ग्रामसभेत, बाजार समितीत, कचेरीत स्वतःचे गाऱ्हाणे न भिता मांडू शकेल. आज कवितेच्या तासास आम्ही त्यास गप्प बसविले, तर उद्या ते बोलत नाही म्हणून रडण्याचा अधिकार आम्हांस उरणार नाही.