अज्ञात रकमांचा क्रम

काटेवाडीतील एका दुकानाच्या वाटणीत तीन भावांच्या भांडवलाची वहीच सापडेना. स्मरणात एवढेच, की थोरल्याची रक्कम मधल्यापेक्षा 5 हजारांनी अधिक आणि धाकट्याची 3 हजारांनी. मधल्याची रक्कम ‘य’ हजार मानली, तर थोरला य + 5, धाकटा य + 3. य कितीही असो, क्रम ठरलाच : थोरला, धाकटा, मधला. (वयाचा मान बीजगणित राखीत नाही!)

जुन्या पासबुकात एकूण भांडवल 38 हजार निघाले. 3य + 8 = 38, म्हणजे य = 10.

महावीराचार्यांनी नवव्या शतकात ‘गणितसारसंग्रहा’त भांडवलाच्या प्रमाणात नफा वाटण्याची उदाहरणे दिली आहेत. त्यानुसार प्रमाण 15 : 10 : 13.

दुकान मात्र वीस वर्षे मधल्यानेच सांभाळलेले. त्याच्या श्रमाचा वाटा आधी वेगळा काढावा, असे मी सुचविले. थोरल्याने मान डोलावली. धाकट्याने अद्याप नाही.