मोटार ‘विंटेज’, ट्रक भंगार

जुना ट्रक घ्यायचा, त्याच्या हौद्यावर राहण्याजोगी खोली चढवायची आणि बायकामुलांसह कोकणापासून हिमाचलापर्यंत भटकायचे, ही हौस गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही आली आहे. यूट्यूबवर अशा गाड्यांचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. गंजलेला सांगाडा, मग नवा रंग, आत पलंग, ओटा, सिंक, टपावर सोलर पॅनेल. मालक कॅमेऱ्याकडे बघून सांगतो, “मी ही गाडी रिस्टोअर केली.” मागे लोखंड कापणारा, पत्रा ठोकणारा, वेल्डिंगच्या ठिणग्यांत बसलेला माणूस दिसतो. त्याचे फक्त हात दिसतात. त्याचे नाव कुणी विचारत नाही.

हौसेला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो या हौसेभोवती उभ्या राहिलेल्या भाषेला आणि कायद्याला. तेच काम, तेच हात, तीच हत्यारे. पण पैसेवाल्याने करून घेतले की ते ‘रिस्टोरेशन’, आणि मिस्त्रीने पोटासाठी केले की ‘जुगाड’.

मुळात हे वेड अमेरिकेचे. तिथे पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवायची सुटी खोली मिळते. प्रवास संपला की ती उतरवून ठेवता येते. १९६० साली जॉन स्टाइनबेक हा कादंबरीकार अशाच गाडीतून आपल्या कुत्र्यासह देश बघायला निघाला. पिकअप जीएमसी कंपनीचा, वरची खोली दुसऱ्याने बनवलेली. गाडीला त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचे नाव दिले, रोसिनांते. १९६२ साली त्या प्रवासाचे पुस्तक आले. आज ती गाडी कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी, त्याच्या नावाच्या संग्रहालयात उभी आहे. मालवाहू पिकअप, त्यावर चढवलेली खोली, म्हणजे सरळसरळ ‘बदल केलेली’ गाडी. तिला तिथे वारसा मानतात.

आता आपल्याकडे या. २०२१ या एकाच वर्षात जुन्या गाड्यांविषयी आणि राहत्या गाड्यांविषयी तीन सरकारी निर्णय झाले. जुलैमध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न केलेली असेल तर तिची वेगळी नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. व्यापारी वापराला मात्र मनाई. ऑगस्टमध्ये वाहन भंगार धोरण जाहीर झाले. व्यापारी वाहन पंधरा वर्षांनी आणि खासगी वाहन वीस वर्षांनी तंदुरुस्तीच्या चाचणीत नापास झाले तर त्याची नोंदणी संपते. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले.

हे तीन कागद शेजारी ठेवून वाचा. शेठजींची मोटार पन्नास वर्षांची झाली की ती वारसा होते. ट्रक पंधरा वर्षांचा झाला की त्याला दरवेळी आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या अवजड वाहनाच्या तंदुरुस्ती प्रमाणपत्राचे शुल्क साडेबारा हजार रुपये झाले. मोटारीला म्हातारपणी मान आणि ट्रकला दंड, असा हा हिशेब आहे. ज्या सहाचाकी ट्रकने या देशाचा कांदा, कापूस, साखर आणि सिमेंट वाहिले, तो पन्नास वर्षे टिकला तरी ‘विंटेज’च्या व्याख्येत बसत नाही.

आणि ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय? हा प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. पुढे कित्येक दशके आपल्याकडे बहुतेक ट्रक कारखान्यातून पूर्ण होऊन येतच नव्हते. यायची ती चासी, इंजिन आणि पुढचा दर्शनी भाग. ड्रायव्हर उघड्या चासीवर फळी टाकून, डोक्याला मफलर गुंडाळून ती कारखान्यातून गावापर्यंत चालवत आणायचा. केबिन, हौदा, फाळके, टप हे सगळे गावचा मिस्त्री बांधायचा. म्हणजे भारतीय ट्रकचे अर्धे अंग जन्मापासूनच मिस्त्रीचे आहे. त्याचा हात लागण्याआधीचा ट्रक ‘मूळ’ मानायचा तर तो रस्त्यावर माल वाहूच शकत नव्हता.

माझे मामू चाळीस वर्षे मिरजेत हेच काम करत आले. लाकडाचा सांगाडा, वर पत्रा, सीटच्या मागे ड्रायव्हरला पाठ टेकायला फळी, स्टोव्हला पेटी, पाण्याच्या कॅनला कडी, टपावर क्लीनरला झोपायला कठडा. एका ट्रकवर ते ‘७८६’ लिहायचे, त्याच ब्रशने शेजारच्या ट्रकवर ‘श्री गणेश प्रसन्न’. गिऱ्हाइकाच्या श्रद्धेचा हिशेब त्यांनी कधी वेगळा लावला नाही. आज ज्याला ‘कॅम्पर’ म्हणून नवलाईने दाखवले जाते, ते मामूंनी शेकडो ड्रायव्हरांसाठी बांधले आहे. फरक इतकाच की तो ड्रायव्हर मौजेखातर ट्रकमध्ये राहत नव्हता. त्याचे घरच ते होते. केबिनमध्ये माणूस राहतो हे सरकारच्या लक्षात यायला वेळ लागला. नव्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिनची सक्ती लागू झाली ती १ ऑक्टोबर २०२५ पासून.

या कामात अक्कल लागत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा गॅरेजमध्ये दिवसभर बसावे. जुन्या ट्रकवर खोली चढवायची तर पहिला प्रश्न वजनाचा. भार मागच्या आसाच्या फार मागे गेला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग हाताला लागत नाही. पाण्याची टाकी कुठे ठेवायची हेसुद्धा त्यावरच ठरते. खोली उंच झाली की वळणावर गाडी झुलते, म्हणून कमानीचे पाटे बघावे लागतात. नुसता एक पाटा वाढवून भागत नाही. चासीला मनमानी वेल्डिंग करायचे नसते. उष्णतेने पोलाद तिथेच कमकुवत होते आणि पुढे चीर जाते. म्हणून जाणता मिस्त्री रिव्हेट किंवा बोल्ट मारतो. जुन्या खोलीचा पत्रा चकचकीत असतो आणि आतले लाकूड टपाच्या सांध्यातून झिरपलेल्या पाण्याने कुजलेले असते. ते बोटाने दाबून ओळखायला वर्षे जातात. ब्रेक, किंग पिन, क्राऊन-पिनियन यांचे तर वेगळेच शास्त्र आहे. हे सगळे मामूंना कुणी वर्गात शिकवले नाही. उस्तादाच्या हाताखाली बारा वर्षांचे असताना पाने द्यायला उभे राहिले, तिथून शिकले. बारा वर्षांचे पोर गॅरेजमध्ये असणे ही अभिमानाची गोष्ट नाही, हेही मी इथेच सांगतो.

आता कायद्याचे दुसरे टोक. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. सीएनजी किट किंवा अपंग व्यक्तीसाठी केलेला बदल अशा काही गोष्टींना अटींसह वाट आहे.

कुणी म्हणेल, हे बरोबरच आहे. कच्च्या वायरिंगने गाड्या पेटतात, उंची वाढवलेल्या गाड्या उलटतात, जुन्या डिझेल इंजिनाच्या धुराने पोरांच्या छात्या भरतात. हे सगळे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. वाईट काम करणारे मिस्त्री आहेत, आपल्या मोहल्ल्यातही आहेत. मग काम तपासा. ब्रेक यंत्रावर लावा, धूर मोजा, गाडीचे वजन करा, वायरिंग उघडून बघा. नापास झाली तर खुशाल भंगारात घाला, मी टाळ्या वाजवीन. पण तपासणीची परवडणारी वाट न ठेवता सरसकट मनाई केली की चांगला मिस्त्री आणि वाईट मिस्त्री एकाच रांगेत उभे राहतात. मोठी कंपनी नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत नेऊन मंजूर करून आणू शकते. एका वेळी एकच गाडी बांधणाऱ्या मिस्त्रीने काय करावे? तो चोरून काम करतो, आणि चोरून केलेले काम कुणीच तपासत नाही. धोका वाढतो तो असा.

सरकारला स्वतःच्या दारात हे उमगते. एसटी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत बसच्या बॉड्या बांधल्या जातात. जुन्या चासीवर नवी पोलादी बॉडी चढवून एसटीने गाड्या पुन्हा रस्त्यावर आणल्या. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर जुन्या प्रवासी बसची आसने काढून त्यांच्या मालगाड्या केल्या. ते योग्यच होते. त्या कामगारांच्या हातांवर विश्वास ठेवला म्हणूनच ते झाले. तोच विश्वास कुर्ला, भिवंडी, मालेगाव, मिरजेच्या गॅरेजपर्यंत का पोचत नाही?

याचे उत्तर टाळण्यात अर्थ नाही. हा धंदा फक्त मुसलमानांचा नाही. पत्र्याचे काम करणारे सुतार-लोहार, रामगढिया शीख, दलित वेल्डर सगळेच त्यात आहेत. पण सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले की मुसलमान कामगारांपैकी निम्म्याहून अधिक स्वयंरोजगारात आहेत. नोकरी नाही म्हणून पाना हातात घेतला, आणि पाना हातात घेतला म्हणून ‘पंक्चरवाला’ ही शिवी मिळाली. ज्याच्या हातावर तुमच्या गाडीचा ब्रेक सोपवता, त्याच्याच धंद्याचे नाव शिवी म्हणून वापरता, हे कसले शहाणपण?

दोन शब्द आपल्या लोकांनाही. ही शिवी आपणही आतून मान्य केली आहे. लग्नाच्या बोलणीत मुलगा ‘ऑटोमोबाइल लाइनमध्ये’ असतो, गॅरेजमध्ये नसतो. उस्ताद मेला की त्याची विद्या त्याच्याबरोबर कबरीत जाते, कारण वहीत काही लिहिलेले नसते. मुले दहावीपर्यंत शिकू द्या, मग आयटीआयला घाला, त्यानंतर गॅरेज आहेच. केलेल्या प्रत्येक कामाचे फोटो, मापे, वापरलेल्या मालाची बिले ठेवा. बांधलेल्या बॉडीवर आपल्या नावाची पट्टी ठोका, जशी जुने मिस्त्री ठोकत असत. उद्या तपासणीचा मार्ग खुला झाला तर हातात कागद हवा.

मागणी साधी आहे. विंटेजच्या व्याख्येत ट्रक, टेम्पो आणि बस घ्या, आणि मिस्त्रीने बांधलेली बॉडी हेच त्यांचे मूळ स्वरूप माना. एकेका गाडीच्या बदलाची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी, परवडेल अशा शुल्कात होऊ द्या. पास झालेल्या गाडीच्या नोंदणीपुस्तकात मालकाबरोबर बांधणाऱ्याचेही नाव येऊ द्या. काम बिघडले तर जबाबदार कोण हेही त्यातून ठरेल, आणि मिस्त्रीला ती जबाबदारी नको असेल तर त्याने ते काम घेऊ नये.

आणि ज्यांना खरोखरच जुना ट्रक दुरुस्त करून त्यात फिरायचे आहे त्यांना एकच विनंती. पुढच्या व्हिडिओत कॅमेरा जरा मागे वळवा आणि त्या माणसाला त्याचे नाव विचारा.